रामटेकचे खासदार नरसिंह राव यांना आपण आपले मानतो का?

रामटेककर:
पी. व्ही. नरसिंह राव यांना २०२४ मध्ये मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा वाचलेल्या लेखांत मला हैदराबाद आणि दिल्ली पानोपानी भेटले, पण १९८४ आणि १९८९ अशा सलग दोन निवडणुकांत त्यांना लोकसभेत पाठवणाऱ्या रामटेकचा एखाद्या ओळीपलीकडे उल्लेख सापडला नाही. वास्तविक त्यांचे आपल्याशी नाते त्याहून जुने आहे. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, त्यांत ते होते, आणि पुढे कायद्याची पदवीही त्यांनी नागपुरातूनच घेतली. १९८४ मध्ये ते हनमकोंड्यात पराभूत झाले आणि रामटेकने निवडून दिले म्हणूनच लोकसभेत राहिले. त्या वेळची त्यांची सभा माझ्या वडिलांनी ऐकली होती. आंध्रचा हा माणूस कागद हातात न धरता शुद्ध मराठीत बोलला, हे ते अखेरपर्यंत सांगत. गडाच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचा एक फलक असावा, असे मला मनापासून वाटते.

धंतोलीकर:
आपल्या वडिलांच्या आठवणीबद्दल आदर ठेवूनही मी या सूचनेला विरोध करतो. १९८४ चा डिसेंबर आठवताना त्याच वर्षीचा नोव्हेंबर कसा वगळता येईल? दिल्लीत शिखांची कत्तल झाली, सरकारी आकड्यानुसार २,७३३ माणसे मारली गेली, त्या वेळी देशाचे गृहमंत्री राव होते आणि दिल्लीचे पोलीस केंद्राच्या अखत्यारीत होते. महिनाही उलटला नसेल, तोच ते आपल्या दारी मते मागत होते आणि आपण ती दिली. पंतप्रधान म्हणून ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पडू देणे आणि १९९३ च्या अविश्वास ठरावात झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांच्या मतांवर तरणे, हेही त्याच कारकिर्दीत घडले. त्या मतांसाठी लाच दिल्याच्या खटल्यात ते २००२ मध्ये उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले, हे मी मान्य करतो. मात्र पहिल्या दोन गोष्टींतून त्यांना कोणी सोडवलेले नाही.

पारशिवनीकर:
वकीलसाहेब, माझे म्हणणे एका शाळेपुरते आहे. राव आंध्रचे मुख्यमंत्री असताना १९७१ मध्ये नलगोंडा जिल्ह्यातील सर्वेल येथे गरीब, हुशार मुलांसाठी निवासी शाळा निघाली. १९८५ मध्ये ते केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री झाले आणि त्याच धर्तीवर नवोदय विद्यालये उभी राहिली, त्यांतील अगदी पहिल्या दोनांपैकी एक आपल्या विदर्भात, अमरावतीला. नागपूर जिल्ह्याचे नवोदय आमच्या पारशिवनी तालुक्यात, नवेगाव खैरीला आहे. माझा धाकटा भाऊ सहावीची प्रवेश परीक्षा देऊन तेथे गेला. पत्र्याची पेटी, तिच्यावर आईने पांढऱ्या रंगाने लिहिलेले नाव, आत दोन सदरे आणि चिवड्याचा डबा. शिक्षण, जेवण, गणवेश, पुस्तके यांसाठी घरातून रुपयाही गेला नाही. दोन एकर कोरडवाहूवर चार तोंडे जगवणाऱ्या बापाला याहून मोठे काय हवे होते? खासदाराने मतदारसंघाला काय दिले असे कोणी विचारले, तर मी ती पेटी दाखवीन.

इतवारीकर:
रावांच्या नावाने उदारीकरणाचे पोवाडे गाताना आमच्यासारख्यांची घरे विसरू नयेत, एवढ्यासाठी लिहितो. माझे वडील येथील एका कापड गिरणीत होते. जुलै १९९१ मध्ये रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले, सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण गेले आणि २४ जुलैला अर्थसंकल्पाच्याच दिवशी बहुतेक उद्योगांसाठी परवान्याची अट रद्द करणारे धोरण आले. तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता, हे मला पटते. उद्योग खाते त्यांनी स्वतःकडे ठेवले होते, म्हणून श्रेय एकट्या मनमोहन सिंगांचे नाही, हेही खरे आहे. मात्र गिरण्या आधीपासून आजारी होत्या आणि त्यांतील माणसांचे पुढे काय करायचे, याचा त्या धोरणात पुरेसा विचार नव्हता. वडिलांनी उरलेली वर्षे चौकीदारीत काढली.

रामटेककर:
१९८४ बद्दल मी आपला मुद्दा मान्य करतो. तो विचार मी आजवर टाळला होता. १९९२ बद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. उत्तर प्रदेश सरकारने सर्वोच्च न्यायालयाला मशिदीच्या रक्षणाची हमी दिली होती. न्यायालयाने स्वीकारलेली हमी बाजूला सारून निवडून आलेले सरकार आधीच बरखास्त करणे घटनेला धरून झाले असते का?

धंतोलीकर:
झाले असते. राष्ट्रपती राजवटीच्या वापरावर बंधने घालणारा बोम्मई खटल्याचा निकाल १९९४ चा आहे. १९९२ मध्ये केंद्राचे हात तितके बांधलेले नव्हते. केंद्रीय दले अयोध्येलगत फैजाबादजवळ आणून ठेवली होती, म्हणजे धोक्याची जाणीवही होती. मशीद पडल्यावर उत्तर प्रदेशात त्याच दिवशी आणि मध्य प्रदेश, राजस्थान व हिमाचल प्रदेशात १५ डिसेंबरला राष्ट्रपती राजवट लावली गेली. नंतर चार राज्यांत वापरलेला अधिकार आधी एका राज्यात का वापरता आला नाही, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. तरीही पारशिवनीकरांची पेटी वाचल्यावर फलकाला सरसकट विरोध करणे मला जमत नाही. फलक लावा, त्यावर नवोदय लिहा, १९९१ लिहा आणि त्याच आकाराच्या अक्षरांत १९८४ व १९९२ ही वर्षेही लिहा.

रामटेककर:
मजकुराचा कच्चा खर्डा मी करतो. १९९२ ची ओळ आपणच लिहून पाठवावी. ती मी बदलणार नाही.