डबे इंजिनाला तेवढ्याच जोराने मागे ओढतात, मग गाडी सुटते कशी?

कर्जतची शिकवणी

नमस्कार मंडळी. मी घरी आठवी-नववीच्या मुलांची शिकवणी घेते. शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे आकडेमोडीत अडत नाही. पण नववीच्या विज्ञानातला पहिलाच धडा, 'गतीचे नियम', दर जूनला मला घाम फोडतो.

न्यूटनचा तिसरा नियम शिकवत होते. आमच्या पोरांना बैलगाडीपेक्षा रेल्वे जवळची, म्हणून उदाहरण इंजिनाचं घेतलं. इंजिन डब्यांना पुढे ओढतं, डबे इंजिनाला तेवढ्याच बलाने मागे ओढतात. एक मुलगी लगेच म्हणाली, "मग बाई, झालं की फिट्टंफाट. गाडी हलेलच कशाला?"

गाइडमध्ये उत्तर आहे: 'क्रिया बल आणि प्रतिक्रिया बल वेगवेगळ्या वस्तूंवर प्रयुक्त होतात, म्हणून ती एकमेकांना निष्प्रभ करत नाहीत.' मी ते वाचून दाखवलं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं आणि पुन्हा माझ्याकडे तसंच बघत बसली. खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर आहे. वेगवेगळ्या वस्तू असल्या तरी गाडी तर एकच आहे ना?

दुसरा प्रश्न संवेगाचा. वस्तुमान गुणिले वेग हे सगळ्यांना पाठ आहे. पण बल, वेग, त्वरण एवढं सगळं असताना हे आणखी एक कशाला मोजायचं, असं कुणी विचारलं तर काय सांगू?

सूत्रं नकोत, ती पुस्तकात आहेत. पोरांना पटेल असं काही असेल तर सांगा.

टवाळखोर

सोप्पंय ताई. इंजिनाचा जोर डब्यांपेक्षा किंचित जास्त असतो, म्हणून गाडी हलते. नियम-बियम कागदावर.

बँकरवाला

टवाळखोर, कागदावर नाही रे बाबा, कपलिंगमध्ये (इंजिन आणि डबे जोडणाऱ्या जोडात) असतो तो नियम. तिथे ताणमापक बसवलास तर दोन्ही बाजूंना एकच आकडा येईल, किंचितही फरक नाही.

ताई, मी मध्य रेल्वेतून लोको पायलट म्हणून निवृत्त झालो. बरीच नोकरी कर्जत-लोणावळा बँकरवर (घाट चढताना गाडीला मागून ढकलणारं जादा इंजिन) गेली, म्हणजे तुमच्याच स्टेशनात. फलाटावर लोक वडापावाच्या मागे लागलेले असताना शेपटाला येऊन चिकटणारी इंजिनं, ती आमची. भौतिकशास्त्राची डिग्री नाही, पण प्रशिक्षण केंद्रात एका इन्स्ट्रक्टरने एक सवय लावली, ती सांगतो: बोलण्याआधी खडूने एका वस्तूभोवती गोल काढायचा. गोलाच्या बाहेरून आत जी बलं येतात तेवढीच मोजायची. आतली मोजायची नाहीत, आणि आतल्या वस्तूने बाहेरच्यांवर लावलेली तर मुळीच नाहीत.

आता तुमची गाडी घेऊ. डब्ल्यूएपी-७ इंजिन, वजन १२३ टन. मागे २२ डबे, माणसांसकट प्रत्येकी ५० टन धरा, म्हणजे ११०० टन. सपाट रूळ. हवा आणि चाकांचा अडसर सध्या सोडून द्या.

मोटरी चाकं फिरवतात. चाक रुळाला मागे ढकलतं, रूळ चाकाला पुढे ढकलतो. इंजिनाला पुढे नेणारं बल हे रुळाकडून येतं, कपलिंगकडून नाही. समजा ते ३०० किलोन्यूटन आहे.

पहिला गोल अख्ख्या गाडीभोवती काढा. बाहेरून येणारं आडवं बल एकच, रुळाचं ३००. वस्तुमान १२२३ टन. त्वरण आलं सुमारे ०.२४५ मीटर प्रति सेकंद वर्ग. कपलिंग गोलाच्या आत आहे, त्याचं नावच घ्यायचं नाही. गाडी एक आहे म्हणता ना? मग हा तुमचा गोल, आणि यात फिट्टंफाट होण्यासारखं काही नाहीच.

दुसरा गोल फक्त डब्यांभोवती. ११०० टनांना ०.२४५ त्वरण द्यायला लागतात २७० किलोन्यूटन. कपलिंगमध्ये ताण तेवढाच.

तिसरा गोल फक्त इंजिनाभोवती. रूळ पुढे ढकलतोय ३००, डबे मागे ओढतायत २७०. उरले ३०. १२३ टनांना तेच ०.२४५ त्वरण द्यायला बरोबर ३०च लागतात.

बघा, डब्यांचं २७० खोटं नाही. ते इंजिनाला खरंच मागे खेचतंय. एकटं इंजिन सुटतं तेव्हा कसं टुणकन निघतं आणि रेक (डब्यांची रांग) लावल्यावर कसं जड जातं, हे कुठल्याही असिस्टंटला विचारा. पण त्या २७० ची जोडी ३०० शी नाही. ३०० ची जोडी आहे ती चाकांनी रुळाला मागे दिलेल्या ३०० शी, आणि ती रुळाच्या खात्यात जाते.

पोरांना एक विचारा: डब्यात बसून समोरची भिंत सगळ्या प्रवाशांनी मिळून ढकलली, तर गाडी सुटेल का? नाही म्हणतील. का नाही, ते त्यांनाच सांगू द्या.

खडूफळा

बँकरवाला काकांनी उत्तम मांडलंय. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. एकच जोड देतो.

गाइडमधलं वाक्य बरोबर आहे, पण अर्धं आहे. 'वेगवेगळ्या वस्तूंवर' हे सांगितलं, पण आपण कोणत्या वस्तूच्या गतीबद्दल बोलतोय हे सांगितलंच नाही. परीक्षेत मूल हे वाक्य लिहून गुण मिळवतं आणि अकरावीत आल्यावर त्याच प्रश्नावर पुन्हा अडकतं. माझ्या वर्गात दरवर्षी टेबलावर पुस्तक ठेवून विचारतो, पुस्तकाच्या वजनाचं प्रतिक्रिया बल कोणतं? निम्म्याहून जास्त हात 'टेबलाचा आधार' म्हणून वर होतात. वजन म्हणजे पृथ्वीने पुस्तकाला ओढणं; त्याची जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला ओढणं. टेबलाचा आधार आणि वजन दोन्ही पुस्तकावरच आहेत, मग ती जोडी असेल कशी? ती नुसती संतुलित बलं. टेबल उचलून घ्या, आधार जातो, वजन राहतं. खरी जोडी अशी एकटी-दुकटी राहत नाही.

मुलांकडून प्रत्येक बलाचं वाक्य पूर्ण करून घ्या: 'अमक्याने तमक्याला ढकललं.' अमका आणि तमका यांची अदलाबदल केली की प्रतिक्रिया मिळते. वाक्य पूर्ण होत नसेल तर ते बल नाहीच.

कर्जतची शिकवणी

काका, सर, दोघांचे आभार. खडूचा गोल काल फरशीवर काढला, पोरांनी तीन गोलांचा हिशोब स्वतः केला. भिंत ढकलण्यावर हसली, मग एक जण म्हणाला, "सगळं आतल्या आत, बाई."

पण तीच मुलगी (ती मला निवृत्त करणार आहे) आता विचारतेय: घाटात बँकर लावल्यावर गाडी एकाच वेगाने चढते. म्हणजे त्वरण शून्य. म्हणजे बल शून्य. मग तीन-तीन इंजिनं कशाला?

आणि माझा संवेग राहिलाच.

बँकरवाला

पोरगी कामाची आहे. तिला रेल्वेत घ्या.

बल शून्य नाही, बलांची बेरीज शून्य. पलसदरी स्टेशन सुटलं की पुढे चढ १:३७, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. गुरुत्व गाडीला वजनाच्या एक सदतिसांश जोराने मागे खेचत राहतं. मघाच्या १२२३ टनांच्या गाडीसाठी ते होतं सुमारे ३२४ किलोन्यूटन. आणि डब्ल्यूएपी-७ ची सुटतानाची कमाल ओढ आहे सुमारे ३२० किलोन्यूटन. म्हणजे एकटं इंजिन पूर्ण जोर लावून गाडी जागेवर धरूनसुद्धा ठेवू शकत नाही, चढवणं लांबच. आणि ती ३२० सुद्धा रूळ देईल तेव्हा. पावसाळ्यात रूळ ओला असला की चाकं जागच्या जागी गरगरतात. मोटरीत ताकद असते, पण रूळच ढकलायला तयार नसतो. मग आम्ही चाकापुढे वाळू सोडतो. रुळावर वाळू चिरडल्याचा तो कर्र आवाज आला आणि चाकाने पकड घेतली की जिवात जीव येतो.

आता मागे दोन बँकर लावा, तेही प्रत्येकी १२३ टनांचे. गाडी झाली १४६९ टन, चढाची मागची ओढ ३८९. तीन इंजिनांत वाटली तर प्रत्येकी १३० च्या आत. एकाच वेगाने चढतोय म्हणजे पुढे ३८९, मागे ३८९.

पण गंमत पुढे आहे. पुढच्या इंजिनाचे १३० मधले ३३ स्वतःला चढवण्यातच गेले. उरलेले ९७ कपलिंगमधून डब्यांना. मागच्या दोघांचे २६०, त्यांचे स्वतःचे ६५ गेले, १९५ डब्यांना, तेही ढकलून. डब्यांना हवे होते २९१. म्हणजे पुढचा एक तृतीयांश रेक ओढला जातोय आणि मागचा दोन तृतीयांश ढकलला जातोय. मध्ये, साधारण सातव्या-आठव्या डब्यापाशी, एक जोड असा असतो जिथे ना ओढ ना रेटा. प्रत्यक्षात पुढचा-मागचा ड्रायव्हर जोर कमीजास्त करतो तशी ती जागा सरकत राहते आणि तिथल्या प्रवाशांना बारीक हिसके बसतात. पोरांना कधी लोणावळ्याला नेलंत तर त्या डब्यांत बसवा.

(जाता जाता: घाट चढणाऱ्या या गाड्यांना रेल्वे 'डाऊन' म्हणते, कारण मुंबईपासून लांब जाणारी ती डाऊन. पोरांना हे सांगू नका, आणखी गोंधळ.)

संवेगासाठी उतार घ्या. उतरताना मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी गाडी थांबवून ब्रेक तपासूनच पुढे सोडतात. का? मघाची १२२३ टनांची गाडी उतारावर उभी आहे आणि ब्रेक सुटले, असं धरा. ३२४ किलोन्यूटन बल. हे बल दर सेकंदाला ३ लाख २४ हजार एवढा संवेग गाडीत भरतं. अर्ध्या मिनिटात तो कोटीच्या घरात जातो, म्हणजे वेग ताशी ३० च्या आसपास. बल तेवढंच आहे, पहिल्या सेकंदाला होतं तेवढंच. वाढलाय तो संवेग.

आता थांबवायचंय. ४० सेकंदांत थांबवायचं तर हा भरलेला कोटभर संवेग काढायला सुमारे २५५ किलोन्यूटन लागतील, आणि उताराचं ३२४ तर चालूच आहे. एकूण ५८० च्या आसपास. २० सेकंदांत थांबवायचं म्हटलं की ८३० च्या वर. आत्ता किती जोर लागतोय हे बल सांगतं. आतापर्यंत किती साठलंय आणि ते काढायला किती जोर किती वेळ लावावा लागेल, हे कळायला संवेग लागतो. ड्रायव्हरला रोज लागतो, नाव घेत नाही एवढंच.

म्हणून घाटात कॅच साइडिंग आहेत. रूळ आधीच चढावर जाणाऱ्या फाट्याकडे लावलेला असतो. गाडी ठरलेल्या जागी नीट थांबली तरच मुख्य मार्गाचा रूळ लागतो. ब्रेक गेलेली गाडी सरळ चढावर जाते आणि ज्या गुरुत्वाने संवेग भरला तेच तो काढून घेतं.

खडूफळा

सुंदर. संवेग अक्षय्यतेसाठी (एकूण संवेग कायम राहतो, या नियमासाठी) एवढं जोडा: गाडी थांबली म्हणजे संवेग नाहीसा झाला असं मुलं समजतात. ब्रेक लागल्यावर चाकं रुळाला पुढे रेटतात, तो संवेग रुळामार्फत पृथ्वीला जातो. पृथ्वीचं वस्तुमान एवढं अवाढव्य की तिचा वेग मोजण्याइतकाही बदलत नाही. गोल गाडी आणि पृथ्वी दोघांभोवती काढला की बेरीज तीच राहते.

टवाळखोर

काका, माझा 'किंचित जास्त' मागे घेतो. पण मग वंदे भारत? मुंबई-सोलापूर तर २०२३ पासून याच घाटाने बँकरशिवाय जाते. तिला न्यूटन लागू नाही?

बँकरवाला

तिलाच जास्त लागू आहे. चढायला हवी गाडीच्या एकूण वजनाच्या एक सदतिसांश ढकल, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या आत. मघाच्या गाडीत मोटरीची चाकं फक्त इंजिनाखाली, आणि इंजिन म्हणजे एकूण वजनाचा दहावा हिस्सा. त्या दहाव्या हिश्श्याला रुळाकडून स्वतःच्या वजनाच्या २७ टक्के पकड मागावी लागते. कोरड्या रुळावर जेमतेम मिळते, ओल्यावर मिळत नाही. वंदे भारतमध्ये निम्म्या आसांना मोटरी आहेत, म्हणजे गाडीचं साधारण अर्धं वजन मोटरीच्या चाकांवर. त्यांना साडेपाच टक्के पकड पुरते. तेवढी रूळ भर पावसातही देतो.