‘नाइलाज’ की ‘धाक’? तुरुंगातून पळालेल्याच्या बचावाला मराठीत काय म्हणावं

आर्वीहून: अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या बेली खटल्याचा (१९८०) गोषवारा मराठीत लिहितोय. कैदी तुरुंगातून पळाले आणि त्यांनी दोन बचाव घेतले: ‘नेसेसिटी’ (परिस्थितीनं भाग पाडलं) आणि ‘ड्युरेस’ (कोणी धमकावून भाग पाडलं). पहिल्याला ‘आवश्यकता’ लिहिलं की ‘आवश्यक कागदपत्रं’ आठवतात. दोन्हींना ‘मजबुरी’ चालेल का?

पुसदहून (वकील): नाही भाऊ. आपल्याकडं ‘मजबुरीनं पयाला’ म्हटलं की सगळंच त्यात येते. कायदा विचारतो, ढकललं कोणी? तुरुंगाला आग लागली म्हणून भिंत चढला, तो नाइलाज. कोणी चाकू लावून ‘चाल आमच्यासंग’ म्हटलं, तो धाक. काहीजण पहिल्याला ‘निकड’ लिहितात. मले नाही पटत, निकड पैशाची असते.

आपल्या दंडसंहितेत ही कलमं ८१ आणि ९४ होती, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत १९ आणि ३२. ९४ खालचं लोहाराचं उदाहरण वाचाच. दरोडेखोरांनी धरून नेलं, तिथल्या तिथं मारून टाकू म्हणाले, म्हणून त्यानं घराचं दार फोडलं, तर तो सुटतो. मर्जीनं टोळीत शिरलेला सुटत नाही. ‘पाहून घेईन’ एवढ्या धमकीवर तर नाहीच.

मोर्शीहून: पण दुसऱ्या कैद्यांनी छळलं म्हणून पळाला तर? धाक आहे, पण ‘पळ’ असं कोणी म्हटलंच नाही.

पुसदहून: नेमकं! म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या लव्हरकॅम्प निकालानं (१९७४) त्याला नाइलाजात बसवलं, तेही अटी घालून. दोघी कैदी होत्या. इतर कैद्यांकडून लैंगिक अत्याचाराची धमकी, तक्रारी करून उपयोग शून्य. पळाल्या आणि लगेच जवळच्याच गवताच्या शेतात सापडल्या. मी ‘धाकातून आलेला नाइलाज’ लिहीन. लांब आहे, पण खोटं नाही. त्या अटींत एक अशी, की सुरक्षित जागी पोचताच स्वतःहून हजर व्हायचं.

आर्वीहून: बेलीचे कैदी तर महिना ते साडेतीन महिने बाहेर होते.

पुसदहून: तिथंच अडकले ना ते. न्यायालय म्हणालं, पळणं हा चालू राहणारा गुन्हा आहे. धाक सरल्यावर परतायचा प्रामाणिक प्रयत्न केल्याचा पुरावा द्या. तो नव्हता. म्हणून ‘पळाले’ इथं तोकडं पडते, ते भिंतीपाशीच संपते. ‘फरार’ माणूस रोज फरार असतो.

मोर्शीहून: मग ‘पलायन’?

पुसदहून: मथळ्यात ठेवा. आत ‘फरार राहणे’ लिहा.