मदत हवी आहे: मोबाइलमधली नोंद आणि कागदात दाबलेला नमुना जुळत नाही

नमस्कार मंडळी. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यातून लिहिते आहे. आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. त्या जंगलातल्या झाडाझुडपांची नीट नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत यावी म्हणून जुलैपासून आम्ही सहा जण, दोघादोघांच्या तीन जोड्या, आठवड्यातून दोनदा जंगलात जातो. प्रत्येक जोडीकडे एक फोन आणि त्यात फॉर्म भरायचं मोफत ॲप. रेंज नसली तरी ते चालतं. रात्री गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन फॉर्म पाठवतो. नमुने जुन्या वर्तमानपत्रात दाबतो, वर फळी आणि दगड.

क्रमांक ॲपच टाकत होतं, १ पासून, आणि तिन्ही फोनांत १ पासूनच. आता १७ क्रमांकाच्या तीन नोंदी आहेत आणि १७ लिहिलेल्या वर्तमानपत्राच्या तीन घड्या. ऑगस्टच्या झडीत चिठ्ठ्या भिजल्या, बॉलपेनची शाई पसरली, काहींवरचा आकडा वाचताच येत नाही. शिवाय फोन भिजू नये म्हणून बारा फॉर्म आम्ही घरी येऊन भरले, तर त्या बाराही वनस्पतींचं ठिकाण नकाशावर माझं अंगण दिसतं.

आमच्यासोबत एक आजी येते. कोणता कंद भाजून चालतो आणि कोणता चिरून, पुन्हापुन्हा उकळून, दर वेळी पाणी फेकून मगच खायचा, हे तिला वेलीच्या पानावरून कळतं. तिने सांगितलेलं दुसऱ्याच वेलीच्या नावावर गेलं तर उद्या ती नोंदवही वाचून कोणी काय खाईल, या विचाराने मला झोप लागत नाही.

क्रमांक कसे द्यावेत, दाट झाडीत ठिकाण कसं घ्यावं, आणि आधीचे साठेक नमुने कसे सोडवावेत? कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, क्रमांक फोनला देऊ देऊ नका. क्रमांक नमुन्याचा असतो, फॉर्मचा नव्हे. घरूनच जाड पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापून, भोक पाडून, दोरा ओवून न्या. पहिल्या जोडीच्या क-१ पासून, दुसरीच्या ख-१ पासून, तिसरीच्या ग-१ पासून. एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा कधीच नाही. नमुना फेकून दिला तरी नाही. लिहायला पेन्सिलच घ्या, ती पाण्याने पसरत नाही. आणि चिठ्ठी डहाळीलाच बांधा. घडीवर लिहिलेला आकडा कागद बदलताना जातो, आणि पावसाळ्यात कागद रोज बदलावाच लागतो, नाहीतर बुरशी धरते.

एकाच झाडाच्या दोन-तीन फांद्या त्याच वेळी घेतल्या तर त्यांना एकच क्रमांक. तीच जात दुसऱ्या नाल्याकाठी मिळाली तर नवा.

वाळल्यावर जे उरत नाही ते झाडापाशीच लिहा: फुलाचा रंग, वास, चीक निघतो का, झाडाची उंची. पान नंतरही मोजता येतं.

प्रतिसाद

फॉर्मबद्दल मी सांगतो जी. आम्ही गोंदिया जिल्ह्यात ओडीके कलेक्ट हे फोनवर फॉर्म भरायचं ॲप वापरतो; कोबोकलेक्टही त्याच घडणीचं आहे. पहिलाच प्रश्न चिठ्ठीवरच्या क्रमांकाचा ठेवा. तो दोनदा टाइप करायला लावा आणि दोन्ही सारखे नसतील तर फॉर्म पुढे जाऊ नये अशी अट घाला. अक्षर निवडीतून आणि आकडा संख्येच्या रकान्यात घ्या. मजकुराच्या रकान्यात एक जण १७ मराठी कळफलकावरून टाकतो, दुसरा इंग्रजीवरून, आणि संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे क्रमांक होतात. आमचे दोन दिवस यातच गेले.

दुसरा प्रश्न फोटोचा: चिठ्ठी आणि झाड एकाच चौकटीत. बाकी सगळं चुकलं तरी हा फोटो वाचवतो.

नावं टाइप करू देऊ नका, यादीतून निवडू द्या. आमच्याकडे तरोटा म्हणतात त्याला पुण्याकडे टाकळा म्हणतात, आणि मोह, मोहा, मव्हा असं तीन तऱ्हेने लिहिलेलं एकच झाड तीन झाडं होऊन बसतं. पण आजी सांगते ते नाव तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रणाच्या प्रश्नात घ्या. तिची परवानगी आधी विचारा.

ठिकाणाला रेंज लागत नाही, जीपीएस उपग्रहावर चालतं. मात्र नेट नसताना पहिल्यांदा ठिकाण पकडायला काही मिनिटं लागू शकतात, म्हणून जंगलात शिरायच्या आधी मोकळ्या जागी फोन धरून उभे राहा. झाडीत अचूकता १० मीटरच्या आत येईपर्यंत थांबा. नाहीच आली तर २० मीटरवर घ्या, ॲप तो आकडा नोंदीसोबत ठेवतं. फोन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पण फॉर्म तिथेच भरा.

आणि न पाठवलेले फॉर्म फोनमध्येच असतात. ॲप काढून टाकलं तर तेही जातात, हे जोडीतल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रतिसाद

जुन्या साठ नमुन्यांसाठी: फॉर्म सुरू केल्याची वेळ बहुतेक वेळा आपोआप नोंदलेली असते, फोटोचीही असते. तिन्ही फोनांच्या नोंदी वेळेनुसार लावा, मग घडी उघडून पान फोटोशी ताडून पाहा: पानं समोरासमोर की एकाआड एक, कडा, शिरा. जुळलेल्याला नवा क्रमांक द्या, जुनाही शेजारी राहू द्या. अंगणाचं ठिकाण पुसून जंगलाच्या त्या भागाचं नाव लिहा, अंदाजाने बिंदू टाकू नका. जे जुळत नाही त्यावर ‘नोंद जुळली नाही’ लिहून वेगळं ठेवा. कंदाच्या वेलीचे नमुने मात्र, थोडी जरी शंका असेल, तर रद्द करून आजीसोबत पुन्हा आणा. वेल सुकायच्या आत जा.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून ४१ जुळले. कंदाच्या वेलींचे पाचही नमुने रद्द केले आहेत. चिठ्ठ्या कापून झाल्या, पेन्सिली आणल्या. आजी म्हणाली, वेली अजून हिरव्या आहेत, सोमवारी सकाळी जाऊ.