चार्टर आणि मालवाहू कंपन्यांच्या वैमानिकांना प्रवासी विमानकंपन्यांची जंपसीट कोणत्या आधारावर मिळते?

नाशिकचा_एफओ

नमस्कार. मी मूळचा नाशिकचा असून सध्या अमेरिकेत एका लहान चार्टर कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. कंपनीचा परवाना अमेरिकी विमान-नियमावलीच्या पार्ट १३५ (मागणीनुसार भाड्याने उडणाऱ्या विमानांचे नियम) खालचा आहे, विमाने सगळी लहान जेट, बेस ओहायोत आणि माझे घर न्यू जर्सीत. कामावर रुजू होण्यासाठी मला दर वेळी स्वतःच्या खिशातून तिकीट काढावे लागते. माझ्या शेजारी राहणारा, एका प्रादेशिक विमानकंपनीत उडणारा मित्र मात्र गेटवर ओळखपत्र दाखवतो आणि जवळपास कोणत्याही कंपनीच्या विमानातून फुकट जातो. यालाच जंपसीट म्हणतात, म्हणजे कॉकपिटमधली जादा खुर्ची किंवा मागचे रिकामे आसन दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकाला देणे.

आमच्या चीफ पायलटना विचारले तेव्हा ते म्हणाले, "करार करायला हवेत, पण आपल्याशी कोण करणार? आपण त्यांना काय देणार?" मला त्यांचे म्हणणे चुकीचे वाटले नाही, कारण आमच्या विमानांच्या कॉकपिटमध्ये तिसरी खुर्चीच नाही. म्हणून जाणकारांना विचारतो. जंपसीट हा कायद्याने मिळालेला हक्क आहे की दोन कंपन्यांमधला सौजन्याचा व्यवहार? आमच्यासारख्या कंपनीला असे करार मिळू शकतात का? आणि कॅप्टनने नकार दिला तर दाद कोणाकडे मागायची?

रात्रपाळी_७४७

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्यात बाकीच्यांची उत्तरे दडलेली आहेत. दाद कोणाकडेही मागायची नाही. कॅप्टन नाही म्हणाला की "ठीक आहे, धन्यवाद" म्हणून मागे फिरायचे. त्याने कारण सांगावे असे कोणतेही बंधन नाही आणि आपण ते विचारू नये. हक्क नव्हे, सौजन्यच. मात्र त्या सौजन्याला कायद्याने चौकट घालून दिली आहे.

ती चौकट अमेरिकी विमान-नियमावलीच्या कलम १२१.५४७ मध्ये सापडेल. प्रवासी कंपनीच्या कॉकपिटमध्ये कोणाला प्रवेश द्यायचा हे त्यात सांगितले आहे. प्रवाशांच्या भागात जागा शिल्लक नसली तरी ज्यांना कॉकपिटमधल्या खुर्चीवर बसवता येते त्या मोजक्या व्यक्तींमध्ये दुसऱ्या विमानकंपनीचा परवानाधारक वैमानिकही येतो. त्यासाठी त्याची कंपनी पार्ट ११९ (विमानकंपन्यांना प्रमाणपत्र देण्याचे नियम) खाली प्रमाणित असावी लागते आणि विमान चालवणाऱ्या कंपनीने त्याला त्या प्रवासासाठी अधिकृत केलेले असावे लागते. तुमच्या चीफ पायलटना हे वाक्य जरूर वाचून दाखवा. पार्ट १३५ ची चार्टर कंपनी पार्ट ११९ च्या प्रमाणपत्रावरच चालते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुम्ही दाराबाहेरचे नाही. एखाद्या उद्योगपतीचे खासगी विमान केवळ पार्ट ९१ खाली उडवणारा वैमानिक मात्र हजारो तासांचा अनुभव असूनही या व्याख्येत बसत नाही.

कायद्याने दार उघडे असले तरी आत बोलावणे हे यजमान कंपनीच्या हातात असते. "विमान चालवणाऱ्या कंपनीने अधिकृत केलेले" या शब्दांचा व्यवहारातला अर्थ म्हणजेच परस्पर जंपसीट करार. करारावर सही कंपन्यांची असते, युनियनची नव्हे. परंतु बहुतेक ठिकाणी वैमानिकांच्या संघटनेची जंपसीट समितीच त्यामागे लागून तो घडवून आणते.

११ सप्टेंबर २००१ पूर्वी हा सगळा व्यवहार बराच ऐसपैस होता. त्या दिवसानंतर परक्या कंपनीच्या वैमानिकांना कॉकपिटमध्ये बसवणे थांबले आणि 'कॅस' नावाची प्रणाली आल्यावरच ते पुन्हा सुरू झाले. कॅस म्हणजे कॉकपिट ॲक्सेस सिक्युरिटी सिस्टिम. गेटवरचा कर्मचारी तुमच्या कंपनीचे नाव आणि तुमचा कर्मचारी क्रमांक टाकतो. तुमच्या कंपनीच्या नोंदींतून तुमचा फोटो आणि तुम्ही आजही नोकरीत आहात की नाही याचे उत्तर त्याच्या पडद्यावर येते. ओळखपत्र खरे असणे आणि माणूस आजही नोकरीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे १९८७ साली पीएसएच्या १७७१ क्रमांकाच्या विमानाने फार महागात शिकवले होते. कामावरून काढलेला माणूस परत न केलेल्या ओळखपत्राच्या जोरावर पिस्तूल घेऊन त्या विमानात चढला आणि विमानातील सर्व ४३ जण मृत्युमुखी पडले. तो काही जंपसीटवर नव्हता, पण कॅससारखी तपासणी का हवी हे समजण्यासाठी ते उदाहरण पुरेसे आहे.

तुमची कंपनी कॅसमध्ये नसेल तर कॉकपिटची खुर्ची विसरा. तरीही काही कंपन्या करार असल्यास कॅसबाहेरच्या वैमानिकालाही प्रवासी भागातील रिकाम्या आसनावर नेतात, आणि पहिला प्रयत्न तिथेच करावा.

समितीतला_एक

मी एका प्रादेशिक कंपनीत आहे आणि आमच्या जंपसीट समितीचे काम पाहतो. वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त "आपण त्यांना काय देणार" या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो, कारण लहान कंपन्या नेमक्या त्याच ठिकाणी हातपाय गाळतात.

मालवाहू कंपन्यांकडे देण्यासारखे पुष्कळ असते. मेम्फिस आणि लुईव्हिल या दोन मोठ्या केंद्रांवर मध्यरात्रीच्या सुमारास देशभरातून विमाने उतरतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा देशभर पांगतात. प्रवासी कंपन्यांची विमाने जेव्हा जमिनीवर उभी असतात तेव्हा ही विमाने उडत असतात, त्यामुळे सकाळच्या पाळीवर पोहोचू पाहणाऱ्या प्रवासी वैमानिकाला त्यांची मोठी सोय होते. त्या विमानांत गेट नाही, गेट एजंट नाही. बहुतेक ठिकाणी जागा आगाऊ नोंदवावी लागते आणि धावपट्टीलगतच्या कार्यालयात ओळख व सामान तपासून घ्यावे लागते. मालवाहू विमानातून कोण जाऊ शकते याचे कलमही वेगळे आहे, १२१.५८३. म्हणूनच प्रवासी कंपनी आणि मालवाहू कंपनी यांच्यातला करार हा खरोखर देवाणघेवाणीचा असतो.

चार्टर कंपनीचे तसे नाही. ज्याने अख्खे विमान भाड्याने घेतले आहे त्याच्या शेजारी तुम्ही अनोळखी वैमानिक आणून बसवू शकत नाही. देता येतील अशा जागा फक्त विमान रिकामे परत नेण्याच्या फेऱ्यांवर असतात आणि त्या फेऱ्यांचे वेळापत्रक आदल्या दिवसापर्यंत ठरलेले नसते. तेव्हा चार्टर कंपनीने समान मोबदल्याचा आव आणूच नये. आमच्याकडे एका चार्टर कंपनीचे पत्र आले होते, त्यात त्यांनी साधेपणाने लिहिले होते की रिकाम्या फेरीत जागा असेल आणि तुमचा वैमानिक आमच्या हँगरपाशी असेल तर आम्ही त्याला आनंदाने नेऊ, याहून अधिक काही आम्ही देऊ शकत नाही. आम्ही करार केला. रिकामे आसन तसेही रिकामेच जाणार असते. शिवाय आज चार्टरवर तास जमवणारा वैमानिक उद्या आमच्याकडेच अर्ज करणार आहे, हेही व्यवस्थापनाला कळते.

व्यवहारात करायचे ते असे. तुमच्या डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्सनी कंपनीच्या प्रमाणपत्राचा तपशील, ओळखपत्राचा नमुना आणि नोकरीची खातरजमा करून देणाऱ्या माणसाचा संपर्क देऊन प्रत्येक विमानकंपनीच्या जंपसीट समन्वयकाला स्वतंत्र पत्र लिहावे. मोठ्या कंपन्यांपासून सुरुवात करू नये. तुमच्या बेसवर रोज उतरणाऱ्या दोन प्रादेशिक कंपन्या आधी गाठाव्यात, कारण पहिला करार मिळवणे सर्वांत कठीण असते आणि पुढच्या कंपन्या "तुमचे आणखी कोणाशी करार आहेत" हेच आधी विचारतात. काही ठिकाणी कॅस नसेल तर चर्चाच होणार नाही. तिथे वाद न घालता पुढे जावे.

करार झाल्यावरही रांगेत तुमचा क्रमांक शेवटचा असेल. विमान-प्राधिकरणाचे निरीक्षक, मग कंपनीचे स्वतःचे वैमानिक, मग त्यांच्या भगिनी-कंपन्यांचे आणि त्यानंतर बाहेरचे, असा साधारण क्रम असतो. तपशील प्रत्येक ठिकाणी बदलतो. वजनाच्या मर्यादेमुळे आसन दिसत असूनही उतरवले जाण्याची वेळ येते. उन्हाळ्यात लहान विमानांवर तर हे नेहमीचेच आहे.

आणि कॅप्टनला स्वतः जाऊन भेटा, प्रवासी भागात आसन मिळाले असले तरीही. "जंपसीट मिळेल का?" असे विचारायचे, "मला जंपसीट दिली आहे" असे सांगायचे नाही. दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये गप्पा नाहीत, फोन तर नाहीच. तुम्ही त्या वेळी प्रवासी नसून क्रूचा भाग मानले जाता. विमानतळावरच्या बारकडे पाहूसुद्धा नका.

नाशिकचा_एफओ

दोघांचेही मनापासून आभार. ताई, कलमाचा उल्लेख फार उपयोगी पडला. चीफ पायलटनी तो वाचला आणि पत्राचा मसुदा मलाच तयार करायला सांगितला आहे. आणखी एक शंका आहे. मालवाहू विमानाने रात्री निघून पहाटे बेसवर पोहोचायचे आणि लगेच ड्युटीला लागायचे, हे नियमात बसते का? जंपसीटवरचा वेळ ड्युटीत धरतात का?

रात्रपाळी_७४७

धरत नाहीत. कंपनीने तुम्हाला कामासाठी एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवले तर तो डेडहेड, आणि तो विश्रांतीत मोजता येत नाही. घरातून बेसवर तुम्ही स्वतःच्या सोयीने येता, तो तुमचा खासगी प्रवास. कागदावर तुम्ही त्या वेळी विश्रांती घेत असता.

हे लिहिताना मला कोल्गन एअरच्या ३४०७ क्रमांकाच्या उड्डाणाची आठवण होते. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून निघालेले ते विमान बफेलोजवळ कोसळले; विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक, असे ५० जण गेले. त्या विमानाची फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिॲटलहून मालवाहू विमानाच्या जंपसीटवर मेम्फिसला आणि तिथून दुसऱ्या मालवाहू विमानाने नेवार्कला सकाळी साडेसहाच्या सुमारास पोहोचली होती. अपघाताचे मुख्य कारण स्टॉलच्या (पंखांची उचल संपून विमान खाली पडू लागण्याच्या) इशाऱ्याला कॅप्टनने दिलेला चुकीचा प्रतिसाद हे होते, पण चौकशीत दोघांच्या थकव्याचीही दखल घेतली गेली. तिने कोणताही जंपसीट नियम मोडलेला नव्हता. करार होते, जागा होती, परवानगी होती.

त्या अपघातानंतर प्रवासी कंपन्यांसाठी पार्ट ११७ चे विश्रांतीचे नवे नियम आले आणि २०१४ च्या जानेवारीत लागू झाले. आम्हा मालवाहू वैमानिकांना मात्र त्यातून वगळले, जणू खोक्यांच्या पुढे बसलेल्या माणसाला झोप कमी लागते. विषयांतर झाले, क्षमस्व. माझा स्वतःचा नियम असा आहे की ड्युटीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत बेसवर पोहोचायचे. त्यासाठी चार जणांत मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीचा माझा वाटा मी जंपसीटचे खरे भाडे समजते.

अंधेरी_कमांडर

मी मुंबईत प्रवासी विमानांवर कॅप्टन आहे. भारतातले वाचक हा धागा वाचून कोणाच्याही गेटवर जाऊन उभे राहू नयेत म्हणून लिहितो. कॅस ही अमेरिकेची देशांतर्गत व्यवस्था आहे. आपल्याकडे कॉकपिटमध्ये कोणाला प्रवेश द्यायचा याबाबत डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियम कडक आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबई-दिल्ली विमानात कॅप्टनने ओळखीच्या व्यक्तीला कॉकपिटमध्ये बसवल्यावर एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड झाला आणि त्या कॅप्टनचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. त्यामुळे जुहूहून हेलिकॉप्टर उडवणाऱ्या चार्टर वैमानिकाने किंवा चेन्नईहून मालवाहू विमान नेणाऱ्याने इथे केवळ ओळखीच्या बळावर कॉकपिटची अपेक्षा धरू नये.

एका बाबतीत मात्र मला वरच्या मंडळींपेक्षा वेगळे वाटते. कॅस माणूस नोकरीत आहे एवढेच सांगते, तो आज कोणत्या मनःस्थितीत आहे हे सांगत नाही. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी हॉरायझन एअरच्या एव्हरेट-सॅन फ्रान्सिस्को विमानात जंपसीटवर बसलेल्या वैमानिकाने दोन्ही इंजिनांचे आग विझवण्याचे हँडल ओढण्याचा प्रयत्न केला. तो भगिनी-कंपनीचाच, रीतसर तपासलेला वैमानिक होता. क्रूने त्याला आवरले आणि विमान पोर्टलंडला उतरवले. मी त्या कॅप्टनच्या जागी असतो तर पुढे कित्येक महिने परक्या माणसाला कॉकपिटऐवजी मागचे आसन दिले असते.

समितीतला_एक

कमांडर साहेब, तो अधिकार कॅप्टनला आहेच, आणि त्या घटनेनंतर आमच्याकडेही काही कॅप्टन काही काळ तसेच करीत होते. समितीने कोणालाही त्याचा जाब विचारला नाही. माझा अनुभव एवढाच की कॅप्टन माणसाला आत घेण्यापूर्वी दोन मिनिटे समोरासमोर बोलतो, तेव्हा त्याला पडद्यावरच्या फोटोपेक्षा बरेच अधिक कळते. म्हणूनच स्वतः जाऊन विचारण्याचा आग्रह धरतो.

नाशिककर, मसुदा तयार झाला की खासगी संदेशाने पाठवा, पाहून देतो. नोकरीची खातरजमा करणाऱ्या माणसाचा फोन रात्री आणि शनिवार-रविवारीही उचलला जाईल याची आधी खात्री करून घ्या. गेटवर बोर्डिंग बंद व्हायला दहा मिनिटे असताना कोणी सोमवारपर्यंत थांबत नाही.