२२ गाड्या, गुहागर ते रत्नागिरी, शाळेसाठी मदत: नियोजनाचा सल्ला हवा

निळी_डिझायर:
पुण्यातला छोटा कार क्लब. डिसेंबरातल्या एका शनिवारी गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, ११ वाजता तवसाळ-जयगड फेरीबोट, ३ वाजता मालगुंडजवळच्या जि. प. शाळेत वस्तू देणे, मग गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी. निम्म्या सेडान आहेत. खर्चाला एकूण ३० हजार. टी-शर्ट, वॉकी-टॉकी, परवानग्या याबद्दल सांगा.

घाटवाट:
टी-शर्ट हवेतच. कॉलरवाले, जाड कापडाचे (२२० जीएसएम), ४५० ला एक. ५० काढा. ड्रोनवालाही ठरवा, आरे-वारेचा वरून शॉट नसेल तर काय मजा!

जमाखर्च:
५० गुणिले ४५० म्हणजे साडेबावीस हजार. शाळेला काय, उरलेली चिल्लर? मागच्या काचेवर खाली डावीकडे नंबराचा स्टिकर पुरतो.
पैसे कुणा मेंबरच्या यूपीआयवर घेऊ नका, नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट जाऊ द्या. देणगीवरच्या करसवलतीसाठी २००० च्या वरची रोख चालत नाही, वह्या-दप्तरांना ती सवलतच नाही, आणि नव्या करप्रणालीत असली तरी उपयोग नाही. स्वतः वर्गणी काढायची तर धर्मादाय आयुक्तांकडे ४१क चा अर्ज करा, गणपती मंडळं करतात तोच.

खाडीकाठ:
फेरीबोट टाळा. ओहोटीला रॅम्पचा उतार वाढतो, जेट्टीवर शेवाळ असतं, सेडानचा बंपर घासतो. आबलोली-भातगाव पूल-जाकादेवी रस्त्याने या.

घाटवाट:
आमच्याकडे सगळ्या फोर बाय फोर, आम्हाला कधी घासलं नाही.

खाडीकाठ:
प्रश्न सेडानचा आहे हो.

तिथीवाला:
सरसकट टाळायचं कारण नाही, तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला भरती ३ ला, म्हणजे ओहोटी ९ ला. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास पाणी भरलेलं, तुमच्या ११ च्या बोटीला तेच बरं.

खाडीकाठ:
आणि अष्टमीला? भरती ६, ओहोटी १२!

तिथीवाला:
अष्टमीला भांग, म्हणजे छोटी भरती-ओहोटी असते, पाणी फार उतरत नाही. त्रास उधाणाच्या ओहोटीला.
२२ गाड्या एका फेरीत जातील असं धरू नका. गट पाडा, दोन फेऱ्यांमधला वेळ धरा. रॅम्पवर गाडीत फक्त ड्रायव्हर; माणसं भरली की मागची स्प्रिंग बसते आणि पोट टेकतं.

मागचीगाडी:
पाच-सहा गाड्यांचा गट, पुढे एक जाणता, मागे एक. वळणावर मागची गाडी आरशात दिसेपर्यंत पुढच्याने फाटा सोडायचा नाही. चुकामूक फाट्यावरच होते. वॉकी-टॉकी ४४६ मेगाहर्ट्‌झ, अर्धा वॅटवालेच. ५ वॅटचे स्वस्त सेट विनापरवाना चालत नाहीत. टाकी चिपळूणला फुल करा, नकाशा ऑफलाइन उतरवा.
पोस्टरवर ‘रॅली’ लिहू नका, टप्प्यांचं टायमिंग घेऊ नका. पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी वगळलेली असते, क्लेमच्या वेळी तेच पोस्टर पुढे येतं. वाळूत गाडी घालाल तर गुन्हा दाखल होतो, शिवाय खारं पाणी.

घाटवाट:
गट पाडाच, आणि डिझेल चिपळूणला भरा.

मागचीगाडी:
तेच लिहिलंय वर.

खडूफळा:
कुणी वेळापत्रक वाचलं का? शनिवारी जि. प. शाळा सकाळची असते. ३ वाजता कुलूप दिसेल. शुक्रवारी पोचा, किंवा आधी मुख्याध्यापकांना फोन करा. यादीही त्यांच्याकडूनच घ्या. दप्तरांचे ढीग पडून असतात, हवा असतो प्रिंटरचा टोनर किंवा पाण्याच्या फिल्टरची कँडल. मुलांना रांगेत उभं करून फोटो नकोत.

निळी_डिझायर:
शनिवारची शाळा लक्षातच नव्हती! शुक्रवारी चार गाड्या पुढे पाठवतो, भातगाव पुलावरून, यादीप्रमाणे सामान घेऊन. टी-शर्ट रद्द. फेरीबोट मात्र ठेवतोय, निम्मे लोक तिच्यासाठीच येतायत. तारीख ख्रिसमसच्या आधीची ठरलीय, तिथी काही असो.

खाडीकाठ:
मग प्रत्येकाने टो-आय (गाडी ओढायला बंपरात फिरवून बसवायचा हुक) कुठे ठेवलाय ते आधी शोधा. बहुतेकदा स्टेपनीजवळ, जॅक-पान्यांबरोबर असतो, आणि बऱ्याच गाड्यांत आटे उलटे असतात.