वीस वर्षांचं चक्र आणि रस्त्यावरचे कपडे

‘दर वीस वर्षांनी फॅशन परत येते, रस्त्यावर उभं राहून बघा’ हे म्हणणं अर्धंच पटतं. परत येते हे खरं, पण वीस हा आकडा फार सोयीचा आहे. क्रोबर आणि रिचर्डसन या दोन मानववंशशास्त्रज्ञांनी 1940 मध्ये स्त्रियांच्या पोशाखांची सुमारे तीन शतकांची मापं तपासली. घागऱ्याचा घेर, लांबी, कमरेची उंची वगैरे. त्यांना दिसलेली लाट जवळपास शंभर वर्षांची होती! आणि ही मापं घेतली होती फॅशनच्या छापील चित्रांवरून, तीही समारंभी पोशाखांच्या. रस्त्यावरची माणसं त्यात नव्हतीच.

रस्त्यावर वेगळंच चालतं. कुणीही सगळं कपाट एकदम बदलत नाही. बूट लवकर झिजतात म्हणून लवकर बदलतात, चांगला कोट मात्र दहा वर्षं सहज निघतो. त्यामुळे एकाच माणसाच्या अंगावर दोन-तीन काळ एकत्र दिसतात. जीन्सचंच बघा: पायाचा घेर आणि कमरेची उंची एकत्र हलत नाहीत. 2000 च्या सुमारास कंबर खाली होती, आता घेर तेव्हासारखाच सैल होऊनही बऱ्याच जणांची कंबर वरच आहे. मग याला ‘2000 परत आलं’ म्हणायचं कसं? मी तरी अख्खा पेहराव एका दशकात बसवायच्या फंदात पडत नाही, घेर, कंबर, बूट अशी एकेक गोष्ट सुटी बघतो. जरा किचकट आहे, पण अंदाज कमी चुकतात.