विद्युतऋणतेतला फरक १.७८, तरी हायड्रोजन फ्लोराइड आयनिक का नाही?

बारावी_विज्ञान:
दोन अणूंच्या विद्युतऋणतेतला (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेतला) फरक १.७ पेक्षा जास्त असेल तर आयनिक बंध (इलेक्ट्रॉन देऊन-घेऊन), कमी असेल तर सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून), असा नियम वहीत आहे. हायड्रोजन फ्लोराइडचा फरक ३.९८ − २.२० = १.७८ येतो, पण ते १९.५ अंश सेल्सिअसलाच उकळतं. उलट लिथियम हायड्राइडचा फरक जेमतेम १.२२, आणि ते आयनिक! आकडे पाउलिंगच्या विद्युतऋणतेच्या तक्त्यातलेच घेतलेत. चुकतंय कुठे?

काचनळी:
वजाबाकी बरोबर आहे. १.७ ला भिंत समजणं चूक आहे.

पाउलिंगच्या सूत्रात फरकाचा वर्ग करून ४ ने भागायचं, ‘ई’चा (२.७१८ या स्थिरांकाचा) तितका ऋण घात काढायचा आणि तो १ मधून वजा करायचा. फरक १.७ असताना उत्तर ०.५१ येतं, म्हणजे निम्म्याच्या किंचित वर आयनिक स्वरूप. रेघ तिथे मारली ती एवढ्यासाठीच. १.६ ला ४७ टक्के आणि १.८ ला ५६ टक्के येतात. मधे कुठेही उडी नाही. शिवाय सूत्र ढोबळ आहे. हायड्रोजन फ्लोराइडसाठी ते ५५ टक्के सांगतं, पण मोजलेल्या द्विध्रुव आघूर्णावरून (रेणूच्या दोन टोकांना प्रभार किती विभागलाय, त्याच्या मापावरून) सुमारे ४१ टक्केच निघतात.

त्रिकोण:
नुसता फरक पुरत नाही, दोन्ही आकड्यांची सरासरीही काढा. सगळ्यात बोलकी जोडी ही:

मॅग्नेशियम ऑक्साइड: फरक २.१३, सरासरी २.३८. सुमारे २८०० अंशांवर वितळणारा आयनिक स्फटिक.
सिलिकॉन टेट्राफ्लोराइड: फरक २.०८, सरासरी २.९४. साध्या तापमानाला वायू!

फरक जवळजवळ सारखा, पण दुसऱ्यात दोन्ही अणू इलेक्ट्रॉन सहजी सोडणारे नाहीत, म्हणून ते वाटून घेतात. हायड्रोजन फ्लोराइडची सरासरी ३.०९, तर लिथियम हायड्राइडची १.५९. तुमचं कोडं इथेच सुटतं. आडव्या अक्षावर सरासरी आणि उभ्या अक्षावर फरक मांडला की व्हॅन आर्केल–केटेलार त्रिकोण तयार होतो: वरच्या टोकाला सीझियम फ्लोराइड, खाली डावीकडे सीझियम धातू, उजवीकडे फ्लोरीन. ‘फरक शून्य म्हणजे सहसंयुज’ हेही धातूंना लागू पडत नाही, ते त्यामुळेच.

बारावी_विज्ञान:
सरासरीचं पटलं. पण टिन टेट्राक्लोराइड द्रव आणि टिन डायक्लोराइड घन, हे कसं? मूलद्रव्यं तीच, म्हणजे फरक आणि सरासरीही तीच.

काचनळी:
तक्त्यात टिनचा एकच आकडा असतो, १.९६, आणि तो +४ ऑक्सिडीकरण अवस्थेचा (टेट्राक्लोराइडमधल्या टिनची; डायक्लोराइडमध्ये ती +२). +२ अवस्थेत टिन इलेक्ट्रॉन कमी जोराने ओढतं. अशा वेळी फजान्सचा नियम लावा: धन आयन जितका लहान आणि त्याच्यावरचा प्रभार जितका जास्त, तितका तो समोरच्या ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन मेघ स्वतःकडे ओढून घेतो आणि बंध सहसंयुजतेकडे झुकतो. टेट्राक्लोराइड ११४ अंशांवर उकळतं, डायक्लोराइड २४७ अंशांवर वितळतं.

त्रिकोण:
आणखी दोन ठिकाणी हमखास मार्क जातात. अमोनियम क्लोराइडमध्ये नायट्रोजन आणि क्लोरीनचा फरक (०.१२) काढू नका, त्यांच्यात थेट बंधच नाही. आधी अमोनियम आणि क्लोराइड हे आयन ओळखा; आतले नायट्रोजन–हायड्रोजन बंध सहसंयुज.

दुसरं, पाण्यातल्या द्रावणातून वीज वाहते म्हणून संयुग आयनिक ठरवू नका. हायड्रोजन क्लोराइड सहसंयुज आहे, पण पाण्याशी अभिक्रिया होऊन आयन बनतात. कसोटी वितळलेल्या पदार्थावर घ्यायची. वितळलेलं सोडियम क्लोराइड वीज उत्तम वाहून नेतं, अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड (फरक १.५५) वितळल्यावर जवळजवळ नाहीच. नुसत्या द्रवणांकावरही जाऊ नका: सिलिका १७०० अंशांच्या वर वितळते, ती सहसंयुज जाळ्यामुळे.